थोरांग ला ओलांडण्याचा दिवस : मुक्तिनाथला आईला कोणती वेळ सांगावी?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमधील एका शाळेत भूगोल शिकवतो आणि माझे वय ५१ आहे. गेली बारा वर्षे सुट्टी मिळाली की मी पत्नीसह सह्याद्रीत फिरतो. कळसूबाई, साल्हेर, हरिहर, अंजनेरी हे तर आता आम्हाला घरचे अंगण वाटू लागले आहे. हिमालयात मात्र आम्ही अजून पाऊल ठेवलेले नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेचा मनांगकडचा भाग चालून ५,४१६ मीटर उंचीची थोरांग ला ही खिंड ओलांडावी आणि पलीकडे मुक्तिनाथला उतरावे, असे आम्ही ठरवले आहे.

बेत असा आहे : नाशिकरोडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, सोनौलीवरून नेपाळ, बेसिसहरपासून जीपने चामे, मग पायी अप्पर पिसांग, मनांगला दोन मुक्काम, याक खर्क, हाय कॅम्प आणि जीपचा दिवस धरून सातव्या दिवशी खिंड. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदभ्रमणकर्त्यांना तेथे गाईड घेणे बंधनकारक केलेले असल्याने गाईड आणि एक भरिया (ओझे वाहणारा) सोबत असेल.

अडचण थोडी वेगळी आहे. वडिलांना जाऊन गेल्या वैशाखात वर्ष झाले. आईची, वय ७४, इच्छा आहे की कागबेनीला त्यांचे पिंडदान व्हावे आणि मुक्तिनाथाचे दर्शन घडावे. माझे मेहुणे तिला पोखऱ्याहून जीपने आणणार आहेत. ‘तू वरून ये, मी खालून येते, फक्त वेळ सांग, म्हणजे मी देवळाच्या दाराशी उभी राहीन,’ असे ती म्हणते. तेव्हा माझे प्रश्न असे आहेत की, खिंडीचा दिवस प्रत्यक्षात किती तासांचा असतो, त्या दिवशी पहाटे किती वाजता निघावे, आणि आईला दुपारी कोणती वेळ सांगितली तर तिला उन्हात ताटकळावे लागणार नाही? माझा उजवा गुडघा चढावर कुरकुर करत नाही, पण कळसूबाई उतरताना शेवटच्या तासाभरात बोलू लागतो. त्याविषयीही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

हेडटॉर्च

सर, बेत उत्तम आहे. मी दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो होतो, तेव्हा माझे वय २६ होते. आम्ही हाय कॅम्पला मुक्काम केला, पहाटे पाचला निघालो, साडेसातच्या सुमारास खिंडीत होतो आणि साडेअकराला मुक्तिनाथला पोहोचून दाल-भात खात बसलो होतो. हाय कॅम्पला झोपण्याचा फायदा असा की थोरांग फेदीच्या वरची चारशे मीटरची उभी चढण आदल्या दिवशी उजेडातच संपते आणि खिंडीच्या दिवशी जेमतेम साडेपाचशे मीटर चढायचे उरते. तुम्ही नियमित चालणारे आहात, त्यामुळे एक-दीड तास जास्त धरा आणि आजींना दुपारी एकची वेळ सांगा.

दिंडोरीकर

हेडटॉर्च यांचे वेळापत्रक खोटे नाही, पण ते त्यांच्या वयाचे आणि त्यांच्या फुप्फुसांचे वेळापत्रक आहे. माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी असल्यामुळे तो महिना मला जन्मात मोकळा मिळणार नाही, म्हणून मी एप्रिलमध्ये, खरड छाटणी उरकल्यावर गेलो होतो. तेव्हा मी ४८ वर्षांचा होतो. माझा सल्ला असा आहे की हाय कॅम्पला झोपू नये, फेदीला झोपावे. फेदी या नेपाळी शब्दाचा अर्थच पायथा. आपल्याकडे गडाच्या पायथ्याच्या वाडीत मुक्काम करतात, तसाच हा हिशेब आहे.

आकडे पाहा. याक खर्क सुमारे ४,०५० मीटरवर आहे, थोरांग फेदी ४,४५० वर आणि हाय कॅम्प ४,८८० वर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. याक खर्काहून फेदीला गेलात तर वाढ चारशे मीटर होते आणि नियमात बसते. हाय कॅम्पला गेलात तर ती सव्वाआठशेच्या पुढे जाते. पंचविशीतल्या मुलाला एखादी रात्र डोकेदुखीत काढून सकाळी चालता येते. आपल्या वयात न झोपता काढलेली रात्र दुसऱ्या दिवशी पायांत उतरते. शिवाय हाय कॅम्पला रात्री डोके ठणकू लागले तर माणसाच्या मनात येते की मुक्तिनाथ खालीच तर आहे, कसेबसे पलीकडे उतरू. पण पलीकडे उतरण्याआधी साडेपाचशे मीटर वर चढावे लागते, आणि आजारी माणसासाठी नेमके तेच घातक असते. तब्येत बिघडली की वाट एकच : आलो तिकडे, मागे, खाली.

आता प्रत्यक्ष दिवस. फेदीहून पहाटे चारला निघायचे. लगेच नागमोडी चढण लागते आणि अंधारात वर पाहिले की पुढे गेलेल्या लोकांच्या विजेऱ्या एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात; त्यांच्याकडे पाहू नये, मन खचते. बोलता येईल एवढ्याच वेगाने चालावे. मी पुढचे पाऊल मागच्या पावलाच्या जेमतेम अर्धा वीत पुढे ठेवत होतो, आणि तरीही दर वीस पावलांनंतर काठीवर रेलत होतो. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास असतो, त्यामुळे इथे मुंगीच्या पावलांनी जाणारा माणूसच शेवटी शहाणा ठरतो. हाय कॅम्पनंतर चढ सौम्य होतो, पण मनाची परीक्षा तिथून सुरू होते. समोर एक उंचवटा दिसतो, तीच खिंड असे वाटते, तिथे पोहोचले की पुढे दुसरा. साल्हेरच्या सपाटीवर आल्यावर परशुरामाचे देऊळ अजून किती वर आहे ते पाहून जसे होते, तसे इथे पाच-सहा वेळा होते.

घाईचे खरे कारण वारा हे आहे. काली गंडकी नदीच्या खोऱ्यात सकाळ वर चढू लागली की वारा वाहू लागतो. जोमसोमची विमाने सकाळीच उडून जातात ती त्याचमुळे. दहानंतर खिंडीत उभे राहणे कठीण होते. म्हणून नवाच्या आसपास खिंडीत पोहोचणे चांगले, पण त्यासाठी वेग वाढवायचा नाही, लवकर उठायचे.

उतार हा तुमच्या गुडघ्याचा विषय. मुक्तिनाथ सुमारे ३,७५० मीटरवर आहे, म्हणजे एका दमात साडेसोळाशे मीटर उतरायचे. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर थेट समुद्रापर्यंत उतरल्यासारखे समजा, तेही सुट्या खडीवरून. दोन काठ्या हव्यातच, आणि उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवावी. सॅक भरियाकडे द्यावी, यात कमीपणा नाही. पायाची नखे निघण्याच्या आदल्या दिवशी कापावीत, कारण चार तास बोटे बुटाच्या टोकावर आपटत राहतात. ही गोष्ट सगळे ऐकतात आणि सगळे विसरतात.

राहिली आईंना सांगायची वेळ. माझे स्पष्ट मत आहे की त्यांना वेळ सांगूच नये, दिवसही नक्की सांगू नये. आपण भूगोल शिकवता म्हणून एक उदाहरण देतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकले. तिथून सरकत गेलेल्या त्याच्या उरलेल्या ढगांनी १४ तारखेला याच खिंडीत आणि आसपास प्रचंड बर्फ ओतले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यातील कित्येक जण खिंडीतून मुक्तिनाथकडे उतरण्याच्या प्रयत्नात वाट हरवून बसले होते. आई दाराशी उभी आहे हे माहीत असलेला मुलगा ज्या सकाळी थांबायला हवे त्या सकाळी थांबत नाही. तुमच्या बेतात एकही राखीव दिवस नाही, तो आधी घाला.

शुश्रूषा

मी भूलतज्ज्ञ आहे आणि स्वतः याच वाटेने दोनदा गेले आहे. दिंडोरीकर काकांनी मुक्कामाविषयी लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मला थोडे औषधांविषयी आणि त्याहून अधिक तुमच्या आईंविषयी लिहायचे आहे.

विरळ हवेच्या आजाराची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे आणि झोप न लागणे अशी साधीच असते. एवढे असेल तर त्याच उंचीवर थांबावे आणि बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर फुप्फुसांत पाणी साठत असल्याची शंका घ्यावी. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालता आले नाही तर मेंदूला सूज येत आहे असे समजावे. अशा वेळी पहाटेची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्याला खाली न्यावे. फेदीला झोपण्यापूर्वी तुम्ही दोघांनी एकमेकांची ही दहा पावलांची परीक्षा जरूर घ्या. हसू येते, पण उपयोगी पडते.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, प्रतिबंध म्हणून साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, त्याने घाबरू नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकू नका. झोपेच्या गोळ्या आणि मद्य दोन्ही टाळावे. लॉजमध्ये लसणाचे सूप हमखास सुचवतात. पोटात गरम पाणी आणि मीठ जाते म्हणून ते जरूर प्यावे, औषध म्हणून नव्हे. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्यकेंद्र आहे आणि हंगामात तिथे दुपारी याच विषयावर व्याख्यान होते. विश्रांतीचा दिवस तिथे सत्कारणी लागतो.

आता मुख्य मुद्दा. या संपूर्ण प्रवासात विरळ हवेचा सर्वाधिक धोका कोणाला आहे, असे मला विचाराल तर मी तुमचे नाव घेणार नाही. तुम्ही आठवडाभर पायी वर चढत याल, तुमचे शरीर तेवढ्या दिवसांत सरावलेले असेल, आणि मुक्तिनाथ तुमच्यासाठी उताराच्या बाजूचे ठिकाण असेल. पोखरा मात्र सव्वाआठशे मीटरच्या आसपास आहे. तिथून निघालेली ७४ वर्षांची बाई जीपने एका-दोन दिवसांत पावणेचार हजार मीटरवर जाणार, आणि मुलाची वाट पाहत तिथे दोन-चार तास, कदाचित रात्रभर, थांबणार. मला भीती तिथे वाटते. गाडीत बसून आल्याने दम लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझी सूचना अशी आहे की आईंनी जोमसोमला किंवा मार्फाला, म्हणजे २,७०० मीटरच्या आसपास, किमान एक रात्र काढावी, मग २,८०० मीटरवरच्या कागबेनीला मुक्काम हलवावा आणि तुम्ही सुखरूप उतरल्याचा निरोप आल्यावरच दर्शनासाठी वर यावे. दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली परतावे; मुक्तिनाथला झोपू नये. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्यावी.

पंचवटीकर

शुश्रूषाताईंनी लिहिलेले अगदी योग्य आहे. मी खिंड वगैरे काही चढलेलो नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींना घेऊन जीपने गेलो होतो. आमच्यासोबतचे एक गृहस्थ मुक्तिनाथला उतरल्या उतरल्या ओकू लागले आणि दर्शन न घेताच त्यांना खाली न्यावे लागले, तेव्हा हा विषय मला अनुभवाने कळला.

आईंसाठी काही गोष्टी सांगतो. गाड्या राणीपौव्यापर्यंतच जातात. तिथून देवळापर्यंत चढाची वाट आणि पायऱ्या आहेत. घोडे मिळतात, पण घोड्यावर बसण्याची सवय नसेल तर हळूहळू बसत-उठत चालत जाणे बरे. देवळामागच्या भिंतीला अर्धवर्तुळात १०८ गोमुखे आहेत आणि पुढे दोन कुंडे. पाणी असे थंड असते की कार्तिकात रामकुंडावर पहाटे स्नान करणाऱ्यालाही तिथे दोनदा विचार करावा लागतो. आईंनी प्रत्येक धारेचे थेंब मस्तकाला लावले तरी पुण्य कमी होणार नाही. हे स्थान वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत मोडते आणि बौद्धांनाही तितकेच पूज्य आहे. शेजारच्या ज्वालामाईच्या देवळात जमिनीतून येणाऱ्या वायूवर अखंड ज्योत तेवते, तेही पाहून घ्यावे.

पिंडदान कागबेनीला काली गंडकी आणि झोंग खोला यांच्या संगमावर होते. ते सकाळी लवकर उरकावे, कारण अकरानंतर तिथे असा वारा सुटतो की दर्भसुद्धा हातात राहत नाहीत. आपले भारतीय सिमकार्ड रोमिंगशिवाय तिथे चालत नाही, त्यामुळे मेहुण्यांनी आणि तुम्ही दोघांनीही नेपाळी सिमकार्ड घेणे आवश्यक आहे. आणि जाताना गोदावरीचे पाणी न्यायला विसरू नका. आमच्या मातोश्रींनी नेले होते.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. मी विचारायला आलो होतो घड्याळाचे, आणि मिळाले काही वेगळेच. काल आईशी बोललो. वेळ सांगणार नाही म्हटल्यावर ती थोडी हिरमुसली, पण कागबेनीत दोन दिवस राहायचे आहे आणि तिथे नदीकाठी शाळिग्राम मिळतात हे कळल्यावर तिची कळी खुलली.

बदललेला बेत असा : हाय कॅम्प रद्द, फेदीला मुक्काम, फेदीनंतर एक दिवस राखीव. तो वापरावा लागला नाही तर मुक्तिनाथला विश्रांती. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढ-उतार सुरू केल्या आहेत. पाठीवर आठ किलो वजन असते. एक शंका उरली आहे. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आम्ही नाशिककर स्वेटरवर स्वेटर चढवतो. खिंडीत नोव्हेंबरच्या पहाटे पाणी आणि बॅटऱ्या कशा सांभाळायच्या?

हेडटॉर्च

सर, काकांचे आणि ताईंचे म्हणणे वाचून मी माझे जुने फोटो पुन्हा पाहिले. हाय कॅम्पच्या रात्री आमच्या पाच जणांपैकी तिघे झोपलेच नव्हते. हे मी लिहायला विसरलो होतो, की विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे होते, कोण जाणे. फेदीच योग्य.

थंडीविषयी : नळीतून प्यायची पाण्याची पिशवी नेऊ नका, नळी पहिल्या अर्ध्या तासात गोठते. साध्या बाटलीत गरम पाणी भरा, तिच्यावर लोकरी मोजा चढवा आणि ती सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठते, त्यामुळे झाकण मोकळे राहते. फोन आणि विजेरीचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. पातळ हातमोजे आणि त्यावर जाड हातमोजे घाला, म्हणजे चेन उघडायला जाड मोजा काढला तरी बोटे उघडी पडत नाहीत. खाण्याचे पाकीट वरच्या खिशात ठेवा. राजगिऱ्याचे लाडू दगड होत नाहीत, चॉकलेट होते. आपल्या पिंपळगावकडचे मनुके सर्वांत चांगले.

गंगापूररोडकर

परत येऊन दहा दिवस झाले. ज्यांनी एवढे मनापासून लिहिले त्यांना काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

फेदीला आम्ही ठरल्या दिवशी दुपारी दोनला पोहोचलो. लेदर नावाच्या वस्तीच्या पुढे दरडीचा पट्टा आहे, तिथे गाईडने एकेकाला अंतर ठेवून आणि न थांबता चालायला लावले. संध्याकाळी ढग उतरले आणि रात्री बर्फ पडले. पहाटे तीनला गाईडने दार वाजवले ते उठवण्यासाठी नव्हे, झोपून राहा असे सांगण्यासाठी. त्या सकाळी तरीही काही जण निघाले आणि त्यातील बहुतेक आठ वाजेपर्यंत परत आले. मी खिडकीतून त्यांना पाहत बसलो होतो. खरे सांगायचे तर आईला वेळ दिलेली असती तर त्या रांगेत मीही असतो. राखीव दिवस लॉजच्या शेगडीभोवती, लसणाच्या सुपावर आणि पत्नीने घेतलेल्या टाच-अंगठा परीक्षेत गेला. मी सातव्या पावलावर तोल गमावला, पण तो फरशी वाकडी असल्यामुळे गेला असे माझे अजूनही म्हणणे आहे. दुसऱ्यांदा मी नीट चाललो.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होते. आम्ही ४ वाजून १० मिनिटांनी निघालो. नागमोडी चढणीवर बर्फ पावलांनी दाबून कडक झाले होते आणि बुटांखाली कोरडे, साखर चिरडल्यासारखे वाजत होते. त्या आवाजाशिवाय आणि स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हते. हाय कॅम्पला पोहोचायला १०० मिनिटे लागली. तिथे चहा घेताना पत्नीच्या उजव्या हाताची दोन बोटे पांढरी पडल्याचे दिसले. लॉजवाल्या दीदीने काही न विचारता ती आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवली, चहाचा पेला रिकामा होईपर्यंत. मग मोज्यावर मोजा चढवून आम्ही पुढे निघालो. बाहेर घोडेवाला उभा होता, तो अर्धा तास आमच्या मागे-मागे येत राहिला. त्याला गिऱ्हाईक ओळखण्याची दृष्टी असावी, कारण तो माझ्याच मागे होता, पत्नीच्या नव्हे.

उजाडल्यावर दिंडोरीकर काकांचे ते उंचवटे सुरू झाले. मी ते मोजायचे ठरवले आणि चौथ्यानंतर हिशेब सोडला. तीस पावले, मग वीस, शेवटी दहा पावले आणि थांबणे. वर्गात मी दरवर्षी ‘उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो’ हे वाक्य फळ्यावर लिहितो. या वर्षी ते लिहिताना हात जरा थांबेल. शेवटी एका वळणावर रंगीबेरंगी पताकांचा ढीग एकदम समोर आला आणि चढ संपला. वेळ ९ वाजून २५ मिनिटे. फलकापाशी फोटो काढले, टपरीत चहा घेतला, आणि पंधरा मिनिटांत वारा असा सुटला की पताका फडफडायच्या थांबून ताठ आडव्या झाल्या. गाईडने हाताने नुसती खूण केली. निघालो.

पलीकडची बाजू वेगळाच देश आहे. मागे बर्फ आणि समोर मुस्तांगचे उघडेबोडके, तांबूस-करडे डोंगर, एकही झाड नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवायला मी आजवर सिन्नर-येवल्याचे उदाहरण देत आलो आहे. डावीकडे पुढे धवलगिरी दिसू लागला. पहिला तासभर निसरडे बर्फ होते, त्यानंतर खडी. गुडघा ठरल्याप्रमाणे दोन तासांनी बोलू लागला. काठ्या लांब करून आणि वळणा-वळणाने उतरून त्याला गप्प ठेवले, चराबूच्या टपऱ्यांवर तासभर थांबून गुडघेपट्टा आवळला, आणि ३ वाजून १० मिनिटांनी देवळाच्या वरच्या अंगाने मुक्तिनाथात पाऊल ठेवले. म्हणजे एकूण अकरा तास. माझ्या वयाच्या कोणी वेळ विचारली तर मी हीच सांगेन, आणि सोबत हेही की ती आमच्या त्या एका दिवसाची होती.

मेहुण्यांना फोन केला. आई कागबेनीत होती, तिसरी रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती जीपने वर आली तेव्हा देवळाच्या दाराशी उभा होतो मी. चढावर ती सहा वेळा बसली, पण घोड्याला तिने नकार दिला. धारांखाली ओंजळ धरून तिने १०८ वेळा पाणी मस्तकाला लावले. मोजले तिनेच, मध्ये कोणाला बोलू दिले नाही. दुपारी आम्ही सगळे खाली कागबेनीला आलो. रामकुंडाच्या पाण्याची बाटली मी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवण्याचा मूर्खपणा केला होता, त्यामुळे खिंडीत ती गोठून टणक झाली होती आणि एका बाजूने फुगली होती. पिंडदानाच्या सकाळी तिच्यातले पाणी आईने संगमावर सोडले. तिने त्या फुगलेल्या बाटलीकडे एकदा पाहिले आणि माझ्याकडे एकदा.

शुश्रूषाताई, आईला जोमसोमला पहिल्या रात्री डोकेदुखी झाली होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिली आणि मग गेली. आपण लिहिले नसते तर ती त्याच अवस्थेत थेट मुक्तिनाथला गेली असती.

दिंडोरीकर काका, नखे कापायची राहिली. राखीव दिवशी संपूर्ण दिवस रिकामा होता, नेलकटर खिशात होते, तरी राहिली. दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आहेत आणि सध्या शाळेत चप्पल घालून जातो आहे.